कोसळण्यातली गंमत

माझी भाची दहा वर्षांची आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा मी टॅबलेटवर ‘वर्ल्ड ऑफ गू’ लावून तिच्या हातात दिला आणि काय करायचं ते मुद्दाम सांगितलं नाही. पडद्यावर काळे, चिकट, डोळे असलेले गोळे एका छोट्याशा सांगाड्यावर वर-खाली फिरत होते. बऱ्याच उंचीवर एक नळी लोंबत होती. तिने एक गोळा बोटाने ओढला, तेव्हा त्याच्यापासून सांगाड्यापर्यंत दोन पुसट रेषा उमटल्या. बोट उचलल्याबरोबर गोळा दोन तंगड्या फाकून तिथेच चिकटला. एक त्रिकोण झाला. मग दुसरा, तिसरा. सहाव्या-सातव्या गोळ्याला मनोरा डावीकडे कलायला लागला. ‘अगं अगं अगं’ करत तिने घाईघाईने शेंड्यावर आणखी एक गोळा ठेवला, आणि मनोरा आधी डुलला, मग वाकला, मग अगदी सावकाश, उंटासारखा, जमिनीवर बसला.

ती खळखळून हसली. मग मला काहीही न विचारता पुन्हा सुरुवात केली, आणि या खेपेला तिने आधी पाया रुंद केला.

हीच मुलगी शर्यतीच्या खेळात गाडी आपटली की टॅबलेट गादीवर फेकते. तिथेही हार, इथेही हार. मग एका हारेवर राग का येतो आणि दुसरीवर हसू का फुटतं? फिजिक्स पझल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खेळांचं सगळं आकर्षण या फरकात आहे असं मला वाटतं. गेल्या तीसेक वर्षांत या प्रकारात जे जे चांगलं झालं, ते कोसळण्याला अर्थ देता आला म्हणून झालं. आणि जे फसलं, ते कोसळणं निरर्थक ठरलं म्हणून फसलं.

आधी हद्द आखून घेऊ. ‘टेट्रिस’मध्येही तुकडे वरून खाली पडतात. पण अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत घडवलेल्या त्या खेळातलं पडणं नाममात्र आहे. खालची ओळ भरून नाहीशी झाली की वरचा एखादा तुकडा आधाराशिवाय हवेत तसाच लटकून राहतो आणि कुणालाही त्यात वावगं वाटत नाही. तिथे नियम खेळाचा आहे. फिजिक्स पझलमध्ये नियम आपल्या ओळखीच्या जगाचा असतो: आधार काढला की वस्तू पडते, जड वस्तू हलकीला ढकलते, दोर ताणला की खेचतो. हे शिकवायला कुणी लागत नाही, रांगायच्या वयातच ते आपण शिकून बसलेलो असतो. म्हणून माझ्या भाचीला सूचना वाचाव्या लागल्या नाहीत.

या वाटेवरचा पहिला मोठा टप्पा म्हणजे १९९३ चा ‘द इन्क्रेडिबल मशीन’. डायनॅमिक्स कंपनीसाठी केव्हिन रायन यांनी तो लिहिला. अमेरिकी व्यंगचित्रकार रूब गोल्डबर्ग साध्याशा कामासाठी घनचक्कर यंत्रं काढायचे. चेंडू पडतो, तो तरफेवर आदळतो, त्याने दोरी ओढली जाते, असली साखळी. खेळाने ती साखळी आपल्या हातात दिली. चेंडू, कप्प्या, दोऱ्या, फुगे, पट्टे, उंदीर, मांजर असं सामान समोर ठेवायचं, चेंडू टोपलीत पाडायचा, एवढंच काम. काही कोड्यांत गुरुत्वाकर्षण किंवा हवेचा दाबच बदललेला असे, मग ओळखीचा चेंडू अनोळखी वागायचा. त्यातलं गणित आजच्या मानाने ढोबळ होतं. पण रचना करायची, यंत्र सुरू करायचं, मग हात बाजूला घेऊन नुसतं पाहायचं, ही या प्रकाराची चाल तिथे पक्की झाली. पाहण्याचा तो क्षण फार महत्त्वाचा आहे. लगोरी खेळताना चेंडू हातातून सुटल्यावर आणि चिपांवर आदळण्याआधी जो अर्धा क्षण श्वास अडकतो, तोच हा क्षण.

२००० च्या सुमारास ॲलेक्स ऑस्टिन यांच्या ‘ब्रिज बिल्डर’ने पूल बांधायला लावले आणि त्यावरून आगगाडी नेली. २००४ च्या ‘हाफ-लाइफ २’ने कोडी गोळीबाराच्या खेळात आणून ठेवली. तिथे एका ठिकाणी वर चढायचं असतं, समोर भलीमोठी सी-सॉ असते आणि आजूबाजूला सिमेंटचे ठोकळे पडलेले असतात. ठोकळे एका टोकावर रचले की दुसरं टोक वर जातं. शाळेत तरफ शिकलेल्या कुणालाही हे सुचेल, पण बंदूक हातात असताना तरफ आठवावी लागणं यातच नवल होतं.

तरीही या खेळांचा पूर आला तो त्यानंतर, आणि त्यामागे एका माणसाचं दान आहे. एरिन कॅटो या प्रोग्रॅमरने २००६ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये द्विमितीय वस्तूंच्या टकरीचं गणित समजावण्यासाठी एक छोटा नमुना दाखवला. त्यातून ‘बॉक्सटूडी’ हे फिजिक्स इंजिन उभं राहिलं, आणि ते त्यांनी सगळ्यांना फुकट, उघडं वापरायला दिलं. इंजिन म्हणजे दर क्षणाला प्रत्येक वस्तू कुठे असेल, कुणावर आदळेल आणि आदळल्यावर काय होईल याचा हिशेब ठेवणारा कारकून. हा हिशेब मुळापासून लिहायचा तर महिनोन् महिने जातात. तो आयता मिळाल्यावर एकटादुकटा माणूसही घरी बसून असा खेळ करू शकला. २००९ च्या डिसेंबरमध्ये फिनलंडच्या रोव्हिओने काढलेल्या ‘अँग्री बर्ड्स’च्या पोटातही हेच इंजिन होतं. ज्या खेळाचे पक्षी पुढे मुलांच्या दप्तरांवर जाऊन बसले, त्यातल्या प्रत्येक उड्डाणाचा हिशेब या माणसाने वाटून टाकलेल्या कामावर चालत होता. हे मला आवर्जून नोंदवावंसं वाटतं, कारण खेळांच्या इतिहासात कंपन्यांची नावं राहतात आणि अशी माणसं तळटीपेत जातात.

आता ‘वर्ल्ड ऑफ गू’कडे. त्याचा जन्म पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात २००५ मध्ये झाला. काइल गॅबलर आणि त्यांच्या तीन सहाध्यायांनी एक प्रयोग हाती घेतला होता. प्रत्येक खेळ एकट्याने करायचा, सात दिवसांच्या आत संपवायचा, आणि तो गुरुत्वाकर्षण, स्प्रिंग अशा एखाद्याच विषयाभोवती फिरला पाहिजे. त्या धांदलीत गॅबलर यांनी ‘टॉवर ऑफ गू’ केला. पुढे त्यांनी आणि रॉन कार्मेल यांनी इलेक्ट्रॉनिक आर्ट्समधल्या नोकऱ्या सोडल्या, टूडी बॉय नावाचा दोघांचा संसार थाटला आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या कॉफीच्या दुकानांत बसून त्या नमुन्याचा पूर्ण खेळ घडवला. ऑक्टोबर २००८ मध्ये तो आला. चित्रंही गॅबलर यांची आणि संगीतही त्यांचंच.

या खेळात नेमकं काय आहे, ते मला सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमुळे कळलं. अरविंद गुप्ता यांची काडेपेटीची खेळणी ज्यांनी लहानपणी केली असतील त्यांना हे लगेच ध्यानात येईल. पुण्याच्या आयुकातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात गुप्ता सरांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा एक साधा खेळ असा: व्हॉल्व्ह ट्यूबचे छोटे तुकडे करायचे, त्यांच्या टोकांत आगकाड्या खुपसायच्या आणि आकृत्या जोडायच्या. चार काड्यांचा चौकोन केला आणि कोपऱ्यावर बोट दाबलं की तो झोपतो, पतंगासारखा तिरका होतो. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबा, हलत नाही. बाजूंची लांबी ठरली की त्रिकोणाचा आकार ठरतो, चौकोनाचा ठरत नाही. पुलांच्या कैच्या, विजेचे मनोरे, मंडपाची तिरपी बांबूकाठी, सगळ्यांचं मूळ एवढंच आहे. भूमितीच्या पुस्तकात मी एकरूपतेची कसोटी म्हणून ते पाठ केलं होतं, बोटांना मात्र ते आगकाडीने सांगितलं.

गू खेळातला गोळा दोन जुन्या गोळ्यांना धरून बसतो, म्हणजे तो जन्मतःच त्रिकोण करतो. पण त्याच्या तंगड्या काडीसारख्या ताठ नाहीत. संगणकाच्या लेखी प्रत्येक तंगडी एक स्प्रिंग आहे. ताणली तर आत खेचते, दाबली तर बाहेर ढकलते, आणि जितकी जास्त ताणावी तितका तिचा जोर वाढतो. सेकंदाला कित्येक वेळा या सगळ्या ओढाताणीची बेरीज होते आणि प्रत्येक गोळा कणभर सरकतो. म्हणून मनोरा कधीच स्तब्ध नसतो. तो डुलतो, श्वास घेतल्यासारखा वर-खाली होतो. तळातले त्रिकोण वरच्या भाराने दबून चपटे झालेले डोळ्यांना दिसतात. खऱ्या इमारतीत हा ताण अदृश्य असतो, तो पाहायला अभियंत्याला गणित करावं लागतं. इथे तो दहा वर्षांच्या मुलीला नुसत्या नजरेने वाचता येतो.

इथे कारागिरीची एक गोष्ट सांगायला हवी. संगणकाच्या जगात ताठ स्प्रिंग सांभाळणं अवघड असतं. वेळेचे तुकडे पाडून हिशेब करताना जोर फार असेल तर वस्तू एका पावलात हव्या जागेच्या पलीकडे जाते, परत येताना त्याहून पलीकडे, आणि चार-सहा पावलांत सगळी रचना फटाक्यासारखी उधळते. असले खेळ लिहिणाऱ्या प्रत्येकाने हा स्फोट पाहिलेला असतो. उपाय अनेक आहेत. त्यातला एक म्हणजे स्प्रिंग मऊ ठेवणं आणि तिची ऊर्जा थोडी थोडी गिळत राहणं. गू खेळाचं शहाणपण मला यात दिसतं की गणिताला जो मऊपणा सोयीचा होता, तोच त्याने पदार्थाचा स्वभाव करून टाकला. चिकट, लिबलिबीत गोळा लिबलिबीत वागला तर कोण तक्रार करणार?

आणि खर्चाचा हिशेब. मनोरा नळीपाशी पोचला की उरलेले गोळे आपोआप वर चढून नळीत शिरतात. ठरावीक संख्या वाचली की पुढची पातळी खुली होते. म्हणजे बांधकामात लावलेला प्रत्येक गोळा हा वाचवता न आलेला गोळा आहे. काळा गोळा एकदा बसला की उपटता येत नाही, हिरवा मात्र काढून पुन्हा लावता येतो. एवढ्या दोन-तीन नियमांतून काटकसर आणि मजबुती यांची जी झोंबाझोंबी उभी राहते, ती खऱ्या बांधकामाच्या कुठल्याही साइटवर रोज चालते. शिवाय पडद्यावर बारीक पांढरे किडे उडत असतात. त्यांतल्या एकाला टिचकी मारली की शेवटची चूक मागे फिरते. संख्येपेक्षा जास्त वाचवलेले गोळे एका वेगळ्या मैदानात जमा होतात. तिथे ध्येय काही नसतं, फक्त उंच मनोरा बांधत राहायचं. आणि आभाळातले ढग दाखवत असतात की जगात कुठेतरी दुसऱ्या कुणाचा मनोरा किती उंच गेलाय.

हसण्याच्या प्रश्नाचा दुसरा धागा मानसशास्त्रात सापडतो. रेने बायारजाँ या संशोधिकेने १९८० च्या दशकात दाखवलं की चार-पाच महिन्यांची बाळंसुद्धा अशक्य घटना जास्त वेळ टक लावून पाहतात; एक वस्तू दुसरीच्या आरपार गेल्याचं दिसलं तर त्यांना ते खटकतं. २०१५ मध्ये एमी स्टाल आणि लिसा फाइगेन्सन यांनी ११ महिन्यांच्या बाळांवर केलेला प्रयोग तर मला फार आवडतो. खेळण्यातली गाडी भिंतीतून आरपार गेलेली ज्या बाळांनी पाहिली, त्यांनी ती हातात आल्यावर टेबलावर आपटून पाहिली. ज्यांना ती हवेत तरंगताना दिसली, त्यांनी ती वरून खाली सोडून पाहिली. बोलता न येणारं मूल ज्या गोष्टीवर शंका आली नेमकी तीच तपासत होतं. वाडगं खाली टाकणाऱ्या बाळाला आपण खोडकर म्हणतो, तेव्हा हा प्रयोग आठवावा.

२०१३ मध्ये पीटर बटाग्लिया, जेसिका हॅम्रिक आणि जोश टेनेनबॉम यांनी लोकांना ठोकळ्यांचे मनोरे दाखवून ‘हा पडेल का’ असं विचारलं. उत्तरं बरोबर होती की चूक एवढंच त्यांनी पाहिलं नाही. लोकांचे अंदाज, चुकांसकट, फिजिक्स इंजिनच्या किंचित धूसर आवृत्तीशी जुळतात असं त्यांना आढळलं. त्यांचं म्हणणं असं की आपल्या डोक्यातही असंच एक ढोबळ इंजिन असावं, जे पुढच्या दोन सेकंदांची घाईघाईने तालीम घेऊन पाहतं. हे बरोबर असेल तर फिजिक्स पझल खेळणं म्हणजे दोन इंजिनांची गाठ घालून देणं. एक मनातलं, एक यंत्रातलं. दोन्ही जुळली तर समाधान. जुळली नाहीत तर मनातल्या अंदाजाला लगेच, डोळ्यांदेखत दुरुस्ती मिळते. बाळाला आपटण्यात जे सुख आहे तेच हे सुख आहे, आणि मला वाटतं भाची हसली ती त्याच सुखाने.

या मनातल्या इंजिनाला मर्यादाही आहेत. मायकेल मॅक्लॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये विद्यार्थ्यांना वळणदार नळीतून बाहेर पडणाऱ्या चेंडूचा मार्ग काढायला सांगितला, तर भौतिकशास्त्र शिकलेल्यांपैकीही काहींनी तो बाहेर आल्यावर वळतच जातो असं काढलं. खरं तर तो सरळ जातो. पुढच्या काही वर्षांत मेरी कायझर, डेनिस प्रॉफिट आदींनी तेच मार्ग हलत्या चित्रांत दाखवले, तेव्हा कागदावर चुकणाऱ्यांनाही वाकडा मार्ग विचित्र वाटला आणि सरळ मार्ग पटला. कागदावर जे ज्ञान झोपलेलं असतं ते हालचाल दिसली की जागं होतं. या खेळांतून मुलं भौतिकशास्त्र शिकतात का, या पालकांच्या नेहमीच्या प्रश्नाला माझं उत्तर इथून येतं. सूत्रं ती शिकत नाहीत, आणि परीक्षेत त्यांचे गुण वाढतील अशी आशा ठेवू नये. पण ज्या मुलीने शंभर मनोरे पाडलेत, तिच्यासमोर शिक्षकाने गुरुत्वमध्य हा शब्द उच्चारला तर तो शब्द एका ओळखीच्या चेहऱ्याला चिकटेल.

आता दोषांकडे. या प्रकारातले पुष्कळ खेळ सुमार आहेत. सगळ्यात मोठा दोष म्हणजे नशीब. ‘अँग्री बर्ड्स’ मला त्याच्या निर्मळ गमतीसाठी आवडतो, पण तिथे पक्षी सुटल्यावर लाकडं आणि दगड इतके एकमेकांत कोसळतात की कशामुळे काय झालं ते कळेनासं होतं. त्याच जागी नेम धरून दहा वेळा मारत राहा, कधीतरी डुक्कर लुडकतं. जिंकलो पण शिकलो काहीच नाही, अशी ती जीत. दुसरा दोष उलट टोकाचा. भोवती सगळी रचना मोकळी दिसते, पण रचणाऱ्याने एकच उत्तर मान्य केलेलं असतं आणि ते केसभर इकडेतिकडे चालत नाही. मग खेळाडू विचार सोडून रचणाऱ्याच्या मनातलं ओळखत बसतो. फिनलंडच्याच पेट्री पुर्हो यांचा २००९ चा ‘क्रेयॉन फिजिक्स डिलक्स’ या दुसऱ्या दोषावरचा उतारा होता. तिथे खडूने जे काढाल ते जड होऊन खाली पडतं: ठोकळा काढा, उतार काढा, हातोडा काढा, चेंडू ताऱ्यापर्यंत पोचला की झालं. अडचण एवढीच की एकच हातोडा पुष्कळ कोडी सोडवतो. म्हणून खेळाने आळशी उत्तर स्वीकारलं तरी सुबक उत्तर शोधायला खेळाडूला खुणावलं. स्वातंत्र्य आणि आव्हान यांचा मेळ घालणं किती कठीण आहे ते यातून दिसतं.

२००७ चा ‘पोर्टल’ वेगळ्या वाटेने गेला. डिजिपेन संस्थेच्या विद्यार्थ्यांच्या ‘नार्बाक्युलर ड्रॉप’मधून तो उगवला, व्हॉल्व्ह कंपनीने ती सगळी मुलंच कामावर घेतली. एका भिंतीत एक दार, दुसऱ्या भिंतीत दुसरं, एकातून शिरलं की दुसऱ्यातून बाहेर. उंचावरून खालच्या दारात उडी घेतली तर पडण्याने आलेला सगळा जोर घेऊन आपण भिंतीतल्या दारातून आडवे फेकले जातो आणि दरी पार होते. आपल्याकडे नववीच्या पुस्तकात चाल आणि वेग यांत फरक शिकवतात. इथे चाल तीच राहते, दिशा मात्र दार ठरवतं. कोसळणारा ढीग इथे नाही, नशिबाला वाव नाही. जगाचा एकच नियम वाकवला आणि बाकीचे जसेच्या तसे ठेवले, म्हणून तो वाकवलेला नियम इतका लख्ख उठून दिसतो.

अलीकडे ही कल्पना एका कोड्याच्या चौकटीत मावेनाशी झाली आहे. निंटेंडोच्या मे २०२३ च्या ‘झेल्डा: टिअर्स ऑफ द किंगडम’मध्ये फळ्या, चाकं, पंखे काहीही एकमेकांना चिकटवता येतं. दरीवर पूल बांधा, नाहीतर दोन पंखे आणि एक सुकाणू जोडून उडत जा. खेळाडूंनी हे दुसरंच जास्त केलं. २०२४ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये त्याच्या तंत्रज्ञांनी सांगितलं की सुरुवातीला हे जग सतत मोडत होतं, कारण काही वस्तू फिजिक्सने चालत होत्या आणि काही, उदाहरणार्थ दारं, ठरवून दिलेल्या चालीने. उपाय त्यांनी कठोर निवडला: अपवाद ठेवायचाच नाही, सगळंच फिजिक्सवर चालवायचं. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ गू २’ही आला आणि त्यात वाहणारे द्रव आले. पहिल्या खेळाची शिस्त मला त्यात थोडी पातळ वाटली, पण काळ्या पाटातून द्रव धावताना पाहण्याचं सुख नाकारता येत नाही.

भाची जायच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा टॅबलेट घेऊन बसली होती. मनोरा नळीच्या हातभर खाली आला होता आणि उजवीकडे झुकत होता. तिच्याकडे लावायला गोळे फार नव्हते. मला वाटलं, आता ती शेंड्यावर ठेवणार आणि सगळं खाली येणार. तिने गोळा उचलला आणि तसाच धरून ठेवला. मनोरा उजवीकडे गेला, परत आला, पुन्हा गेला. ती नुसती बघत होती, मान त्याच्याबरोबर हलत होती. तिसऱ्या झोक्याला मनोरा डावीकडे येता येता तिने गोळा अगदी खाली, डाव्या बुडाशी लावला.